मागच्या बाजूचा फोटो

टायटसव्हिलमध्ये गराज म्हणजे
मोटार सोडून बाकी सगळं ठेवायची जागा.
माझ्या गराजमध्ये बापाचे तीन खोके, बुटांचे,
आत कापडी बिल्ले,
काही मोहिमांचा एक, काहींचे चाळीस.
तो कधी रॉकेटात बसला नाही. नळ्यांचे नट आवळायचा,
आणि उड्डाण झालं की मूठभर पॅच खिशात घालून घरी यायचा,
लोक हॉटेलातून साबणाच्या वड्या आणतात तसे.

आता मी ते विकतो. ऑनलाइन, एकेक.
बोली चार डॉलरपासून. टपालखर्च वेगळा.

हळूहळू शिकलो.
जांभळ्या दिव्याखाली धरायचं:
नवा, नकली दोरा भुतासारखा उजळतो,
जुना अस्सल अंधारातच राहतो.
गिऱ्हाइकं पुढची बाजू बघतात,
गरुडाचा डोळा शाबूत आहे का,
कडेची वीण उसवलीय का,
कुणा अंतराळवीराच्या नावातलं अक्षर गळलंय का.
आणि शेवटच्या दहा सेकंदांत
दबा धरून बसलेले झडप घालतात.

एकटी तीच विचारायची,
"मागच्या बाजूचा फोटो मिळेल?"

मागे काय असतं?
उलटं आकाश. निळ्याचे, पांढऱ्याचे तुटके शेव,
गाठी, गोंदाचा पिवळा डाग.
सुईनं पुढे जे नेटकं सांगितलं
त्याची मागे सगळी बडबड.
मी फोटो पाठवायचो. तिचं उत्तर दोन ओळींचं:
आभारी आहे.
हा नाही.
असं अकरा वेळा.

बाराव्यांदा मीच विचारलं, बाई, शोधताय काय?

व्हर्लिन स्टेमी. वय एक्याऐंशी. नॉर्थ कॅरोलायनातलं डोंगरातलं गाव,
भरतकामाची गिरणी होती, तिथे आता लोक
भाड्याच्या खोल्यांत जुने सोफे ठेवतात.
एकतीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर.
मोठं यंत्र एका दमात दीडशे चंद्र भरायचं,
कुठे टाका चुकला की तो चंद्र तिच्यापुढे.
"यंत्रानं गाळलेलं भरायचं, एवढंच काम.
आपल्या मनाचं काही घालायचं नाही."

एका रात्रपाळीला घातलं.
नक्षीत तारे सात. तिनं एका पॅचवर आठवा भरला,
पांढऱ्या दोऱ्यात, कडेला, मोहरीएवढा.
का, ते लिहिलं नाही.
फक्त एवढंच, की सुपरवायझर म्हणाला होता,
सातापर्यंत मोजता येतं ना तुला?

मी रात्रभर खोके पालथे घातले.
भिंग घेऊन तारे मोजत बसलो, पन्नाशीचा माणूस.
सात. सात. सात. एक सहाचा,
तो माशीचा डाग निघाला, खाली सातवा होता.
आणि आठ तारे? ते खोक्यात नव्हतेच.
तो मी आदल्या आठवड्यातच "सदोष" म्हणून विकायला लावला होता,
ऑस्ट्राव्हाच्या कुणा पोराची पावणेपाच डॉलरची बोली होती.
रद्द केली. मला न कळणाऱ्या भाषेत शिव्या खाल्ल्या.
पुठ्ठा घालून पाकीट पाठवलं, पैसे मागितले नाहीत.

सुतावरून स्वर्ग गाठायची खोड बापाकडून आलेली.
मी तिला पाहिलंसुद्धा: चष्मा कपाळावर,
कात्रीनं पाकीट उघडताना,
मग बराच वेळ काहीच न करताना.

नऊ दिवसांनी उत्तर आलं.

"हा माझा नाही.
माझी गाठ उजवीकडे पडते. ही डावीकडे आहे, दुहेरी.
आमच्यात डावखुरी एकच, ओपल लेडफर्ड.
एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलावर.
डबा रोज बरोबर खायचो.
बया कधी बोलली नाही.

पॅच परत पाठवत नाही. किंमत कळवा."

कळवली. चार डॉलर, टपालखर्च वेगळा.
तिनं चारचा चेक धाडला,
आणि टपालाची चिल्लर,
पुठ्ठ्याला चिकटपट्टीनं लावलेली, मागच्या बाजूनं.